सें-जर्में : पॅरिसजवळचें एक शांत उपनगर

‘उपनगर’ हा शब्द मराठींत तसा अलीकडचा. पेठ, पुरा, वाडी, माळ हे शब्द पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहेत. परंतु मोठ्या शहराला लागून असलेलें, त्याच्यावरच पोसलें जाणारें आणि तरीहि आपलें निराळें नांव राखणारें जें गांव, त्याला काय म्हणावें हा प्रश्न शहरें फुगूं लागल्यावरच उत्पन्न झाला. कोल्हापूर जिल्ह्यांतील कबनूर हें असेंच एक गांव आहे. इचलकरंजी कोठें संपते आणि कबनूर कोठें सुरू होतें, हें तेथील रहिवाशालाहि रस्त्यावर उभें राहून चटकन दाखवितां येणार नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढें त्या मागांची खटखट शीव ओलांडून कबनूरच्या गल्ल्यांतहि येऊन पोंचली. तो आवाज म्हणजे या भागांतील घराघरांचें अन्न होय. वीज जाऊन माग थांबले म्हणजेच ज्याची झोंप मोडते, असा माणूस येथें विरळा नाहीं.

अशा ठिकाणच्या कुटुंबाला ‘शांत, झाडींत लपलेलें उपनगर’ असे शब्द ऐकून दोन शंका येणें स्वाभाविक आहे. पहिली ही कीं, मोठ्या शहराच्या इतक्या जवळ राहून शांतता टिकते तरी कशी? दुसरी शंका बहुधा बोलून दाखविली जात नाहीं. ती ही कीं, ही शांतता म्हणजे केवळ श्रीमंतीचेंच दुसरें नांव तर नव्हे? या शंकांचें समाधान करावयाचें तर एखादें प्रत्यक्ष उदाहरण घेऊन तें सर्व बाजूंनीं पाहणें बरें. पॅरिसच्या मध्यापासून पश्चिमेस सुमारें वीस किलोमीटरांवर, सेन नदीच्या एका मोठ्या वळणावरील उंचवट्यावर सें-जर्में-आं-ले नांवाचें गांव आहे. तें उदाहरण निवडण्यास एक जवळचें कारणहि आहे. एका मराठी राजघराण्याचा या गांवाशीं संबंध जडला होता, आणि त्या घराण्याची सोयरीक कबनूरहून फार दूर नसलेल्या कागलशीं होती. ती हकीकत पुढें यथास्थित येईल. प्रथम गांवांत कसें पोंचावयाचें तें पाहूं.

पॅरिसच्या पोटांतून धांवणाऱ्या जलद गाड्यांचा एक फांटा १९७२ पासून थेट सें-जर्मेंपर्यंत जातो. शहराच्या मध्यावर गाडींत बसलेला पाहुणा सुमारें अर्ध्या तासांत तेथें उतरतो. आरंभीं गाडी जमिनीखालून चालते. ला देफांस येथील उंच कचेऱ्या मागें पडल्या कीं ती उजेडांत येते, आणि खिडकीबाहेरचें दृश्य हळूहळू पालटूं लागतें. इमारती ठेंगण्या होतात, दोन घरांमधील अंतर वाढतें, कुंपणांवरून वेली डोकावूं लागतात. सेन नदी वाटेंत पुन्हां आडवी येते. ती या प्रदेशांत इतकीं वळणें घेते कीं, आपण तीच नदी किती वेळां ओलांडली याचा नवख्याला हिशेब लागत नाहीं.

हा लोहमार्ग साधा नव्हे. पॅरिसहून प्रवाशांसाठीं निघालेली पहिली आगगाडी याच दिशेनें धांवली. पेरेर बंधूंच्या खटपटीनें तयार झालेला हा मार्ग ऑगस्ट १८३७ मध्यें सुरू झाला, व उद्घाटनाच्या प्रवासांत फ्रान्सची राणी स्वतः गाडींत बसली होती. आपल्याकडे मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं निघाली. म्हणजे हा मार्ग तिच्याहून सोळा वर्षांनीं वडील. मात्र तो प्रथम सें-जर्मेंपर्यंत नव्हताच. गाडी नदीकांठच्या ल पेक या गांवीं थांबे, कारण पुढचा चढ त्या काळच्या इंजिनाला झेपणारा नव्हता. उतारूंनीं टेकडी पायीं चढावी किंवा घोड्याची गाडी करावी, असा प्रकार दहा वर्षें चालला.

शेवटीं १८४७ सालीं एक चमत्कारिक युक्ति योजण्यांत आली. दोन रुळांच्या मधोमध एक लोखंडी नळ बसविला. त्या नळाच्या माथ्यावर लांबच लांब फट होती व ती चामड्याच्या पट्टीनें झांकलेली असे. टेकडीवरच्या यंत्रघरांतील पंप नळांतील हवा ओढून घेत. नळाच्या आंत एक दट्ट्या असे आणि तो फटींतून वर आलेल्या दांड्यानें गाडीला जोडलेला असे. दट्ट्याच्या पुढें हवा नाहीं, मागें मात्र बाहेरच्या वातावरणाचा सर्व दाब. त्या दाबानें दट्ट्या पुढें लोटला जाई व त्याच्याबरोबर गाडीहि चढ चढे. परततांना ती उतारामुळें आपल्या भारानेंच खालीं येई. पिचकारीचा दट्ट्या मागें ओढला असतां पाणी आंत शिरतें, त्यांतलेंच हें तत्त्व होय. ही योजना १८६० पर्यंत चालली. तेवढ्यांत चढ चढण्यास समर्थ अशीं इंजिनें तयार झालीं व नळ निकालांत निघाला. आज गाडी तोच चढ सहज चढून जाते.

स्थानक जमिनीखालीं आहे. जिन्यानें वर आलें कीं राजवाडा एकदम पुढ्यांतच उभा राहतो. बाराव्या शतकांत सहाव्या लुईनें या ठिकाणीं पहिला किल्ला बांधला. नवव्या लुईनें तेराव्या शतकांत उभारलेलें प्रार्थनामंदिर अद्याप आहे. १३४६ सालीं इंग्रजांच्या फौजेनें किल्ला जाळला तेव्हां तेवढें मंदिर मात्र वांचलें. सध्यां दिसणारा वाडा मुख्यत्वें सोळाव्या शतकांत पहिल्या फ्रान्सिस राजानें बांधविला. चौदावा लुई ५ सप्टेंबर १६३८ रोजीं सें-जर्मेंतच जन्मला. तो ज्या शेजारच्या नव्या वाड्यांत जन्मला त्याचा अगदीं थोडा भाग आज शिल्लक आहे. या राजानें १६८२ सालीं दरबार व्हर्सायला हलविला, आणि सें-जर्मेंवरील राजवैभव एका दिवसांत ओसरलें म्हटलें तरी चालेल. पुढें रिकाम्या वाड्यांत इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स आश्रयास येऊन राहिला व १७०१ सालीं तेथेंच वारला.

राजधानी गेली हें एका अर्थानें गांवाचें भाग्यच ठरलें. व्हर्सायला जो खर्च, जी वर्दळ व जी बांधकामाची हौस गेली, ती येथें आली असती तर कदाचित् आजची शांतता उरली नसती. वाड्याचा उपयोग मात्र पुढें उत्तम झाला. तिसऱ्या नेपोलियननें १८६२ सालीं त्यांत प्राचीन वस्तूंचें संग्रहालय स्थापन करण्याचें ठरविलें व १८६७ सालीं तें लोकांना खुलें झालें. अश्मयुगापासून मध्ययुगाच्या आरंभापर्यंत फ्रान्सच्या भूमींत सांपडलेल्या वस्तूंचा हा राष्ट्रीय संग्रह आहे. ब्रासांपुई येथें १८९४ सालीं सांपडलेलें, मॅमथ हत्तीच्या दांतांतून कोरलेलें स्त्रीचें मुख याच संग्रहांत आहे. त्याची उंची जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, आणि वय सुमारें पंचवीस हजार वर्षें. अंगठ्याएवढ्या त्या मुखाकडे पाहिलें म्हणजे बाहेरचा एवढा थोरला वाडा कालपरवांचा वाटूं लागतो. संग्रहालय मंगळवारीं बंद असतें, एवढें जाणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

वाड्याच्या बागेंतून चालत गेलें कीं पाहुणा सज्जावर पोंचतो. हा सज्जा म्हणजे घराचा नव्हे. टेकडीच्या कडेला दगडी भिंत उभारून तयार केलेली ही रुंद, सपाट व सरळ वाट आहे, आणि तिची लांबी सुमारें दोन किलोमीटर भरते. व्हर्सायच्या बागा आंखणारा आंद्रे ल नोत्र याचेंच हें काम असून १६६९ च्या सुमारास त्याला आरंभ झाला. एका बाजूस लिंडेन झाडांच्या रांगा व त्यांच्यामागें अरण्य. दुसऱ्या बाजूस कठडा आणि त्याच्याखालीं सेनचें खोरें. हवा स्वच्छ असली तर क्षितिजावर ला देफांसचे मनोरे व आयफेलचा लोखंडी स्तंभ दिसतो. पॅरिस इतकें जवळ आहे. परंतु तेथून आवाज मात्र कांहीं ऐकूं येत नाहीं. म्हातारीं जोडपीं बांकावर बसलेलीं असतात, आया बाबागाड्या ढकलीत असतात, कोणी पळण्याचा व्यायाम करतो. कोणी कोणास हटकीत नाहीं.

आतां पहिल्या शंकेकडे वळावें. ही शांतता टिकली कशी? तिचें पहिलें उत्तर सज्जाच्या पाठीशीं उभें आहे. सें-जर्मेंचें अरण्य सुमारें साडेतीन हजार हेक्टरांचें, म्हणजे साडेआठ हजार एकरांहून थोडें अधिक आहे. ओक, बीच, चेस्टनट हीं त्यांतील मुख्य झाडें. तें राजांच्या शिकारीचें रान होतें. ज्या लाकडावर शेजारच्या गरिबाची चूल पेटावयाची, तेंच लाकूड त्याला तोडण्याची बंदी होती, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. राज्यक्रांतीनंतर तें राष्ट्राच्या मालकीचें झालें. नवल हें कीं, राजा गेला तरी रान गेलें नाहीं. राजाची चैन होती ती लोकांची ठेव झाली. आज तेथें सरकारी अरण्यखातें ठरलेल्या क्रमानें जुनीं झाडें काढतें व नवीं लावतें, आणि पायवाटांवर कोणीहि विनामूल्य फिरूं शकतो.

ही गोष्ट कोल्हापूरकरांना अनोळखी वाटूं नये. दाजीपूरचें रान हेंहि एके काळीं संस्थानच्या अधिपतींनीं शिकारीसाठीं राखलेलें होतें, आणि १९५८ सालीं त्याचें अभयारण्य झालें. राखण्याचा हेतु पालटला. राखणें तेवढें चालू राहिलें. जेथें असें राखणें एकदां खंडित झालें, तेथें रान पुन्हां उभें करण्यास दोन पिढ्याहि पुरत नाहींत.

दुसरें उत्तर सें-जर्मेंच्या पायथ्याशीं, त्याच लोहमार्गावरील ल व्हेझिने या गांवांत मिळतें. आगगाडी आली तेव्हां येथें गांव नव्हतें, रान होतें. १८५६ सालीं आल्फोन्स पाल्यू या उद्योजकाच्या मंडळीनें सरकारशीं जमिनींची अदलाबदल करून हें रान मिळविलें व तेथें वसाहत आंखण्यास आरंभ केला. आतां असा मनुष्य साधारणपणें काय करतो? सगळी जमीन मोजून, तिचे लहान लहान तुकडे पाडून विकून टाकतो. पाल्यूनें तसें केलें नाहीं. त्यानें काउंट द शूलो या उद्यानकाराकडून आराखडा करविला. मोठालीं हिरवळीं, खोदलेलीं तळीं, त्यांना जोडणारे वाहते ओढे आणि वळणावळणाचे रस्ते राखून ठेविले, आणि उरलेली जमीन तेवढी विकली. शिवाय खरेदीखताबरोबरच अटी जोडल्या. कुंपण कसें असावें, बांधकाम कोठें व किती करावें, दुकान व कारखाना कोठें चालवूं नये, हें त्यांत नमूद असे. त्या अटी पहिल्या खरेदीदारापुरत्या नव्हत्या. जमीन ज्याच्या हातीं जाईल त्याच्यावर त्या बंधनकारक होत्या. १८७५ सालीं त्या वसाहतीचें स्वतंत्र गांव झालें. आज दीडशें वर्षांनंतरहि तेथील ओढे वाहात आहेत व हिरवळीं मोकळीं आहेत.

तिसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. पॅरिसहून पश्चिमेकडे जाणारा एक नवा जलद मोटाररस्ता १९९६ सालीं सुरू झाला. तो नेमका ल नोत्रच्या सज्जाला व अरण्याला आडवा येत होता. वाद बराच झाला. अखेर रस्ता सज्जाच्या खालून बोगद्यांतून नेण्यांत आला. वर बांकावर बसलेल्या म्हाताऱ्याला आपल्या पायांखालून हजारों मोटारी धांवत आहेत याची दादहि नसते. बोगद्याला अर्थातच पैसा अधिक लागला. आपल्याकडे जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा असलेले वड रस्ते रुंद करतांना किती सहज पडले, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या अधिक खर्चाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेविल्या म्हणजे कळून येतें कीं, उपनगराची शांतता ही निसर्गानें आपोआप दिलेली देणगी नव्हे. मोठ्या शहराचा ओढा इतका जबर असतो कीं, मोकळी सोडलेली जमीन तें गिळून टाकतें. शांतता तेथेंच राहते, जेथें कोणी तरी आधींच ठरवून ठेविलेलें असतें कीं येथें बांधावयाचें नाहीं, आणि पुढील लोक तें ठरविलेलें मोडीत नाहींत.

अरण्य सोडून गांवांत आलें कीं निराळीच मौज. शांत म्हणजे ओसाड नव्हे. वाड्याच्या मागें अरुंद फरसबंद गल्ल्या आहेत. त्यांत पाववाले, चीजवाले, पुस्तकांचीं दुकानें, कॉफीगृहें. त्यांपैकीं ‘पावगल्ली’ असा अर्थ होणाऱ्या रस्त्यावरील एका लहान घरांत २२ ऑगस्ट १८६२ रोजीं संगीतकार क्लोद दबुसी जन्मला. त्याच्या आईबापांचें तेथें चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान होतें. युरोपीय संगीताला नवें वळण लावणारा हा पुरुष असा अगदीं साध्या दुकानदाराच्या पोटीं आला. आज त्या घरांत त्याचें स्मारक-संग्रहालय आहे.

येथें जाणाऱ्या मराठी पाहुण्यानें एक रीत पाळावी. दुकानांत पाऊल टाकतांच, कांहीं मागण्यापूर्वीं, ‘बोंझूर’ म्हणून नमस्कार करावा व निघतांना निरोपाचा शब्द बोलावा. आपल्याकडे कोणाच्या ओसरीवर चढतांना ‘आहांत का घरीं?’ म्हणून हांक देतात, तसाच हा प्रकार. तो न पाळतां एकदम भाव विचारला तर दुकानदार रागावणार नाहीं, पण त्याचा चेहरा उतरेल. रविवारीं दुपारनंतर बरींच दुकानें मिटलेलीं असतात, त्यामुळें फराळाची तरतूद आधीं करावी. गाडींत, कॉफीगृहांत, बागेंत आवाज खालच्या पट्टींत ठेवावा. हा उगाच शिष्टपणा नव्हे. झाडांनीं व कायद्यानें राखलेली शांतता शेवटीं माणसांच्या घशावरच अवलंबून असते.

आतां ती मराठी हकीकत. इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांचें नांव १९२५ सालीं मुंबईंत मलबार हिलवर झालेल्या बावला खून-प्रकरणानें सर्वतोमुखी झालें. चौकशीला तोंड द्या किंवा गादी सोडा, असा पर्याय इंग्रज सरकारनें त्यांच्यापुढें ठेविला, आणि फेब्रुवारी १९२६ मध्यें त्यांनीं गादी सोडून ती आपले पुत्र यशवंतराव यांना दिली. पुढें नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशीं त्यांनीं विवाह ठरविला. मार्च १९२८ मध्यें नाशिक येथें करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनीं तिला हिंदु धर्माची दीक्षा दिली. ती शर्मिष्ठादेवी झाली; धनगर समाजांतील एका घराण्यानें तिला दत्तक घेतलें व त्याच महिन्यांत लग्न लागलें. त्या काळीं या विवाहावर मराठी वर्तमानपत्रांतून जो गदारोळ झाला, तो मोठा होता.

या जोडप्यानें आपला बराच काळ फ्रान्समध्यें घालविला. सें-जर्मेंच्या एका टोंकास एनमों नांवाची वाडी आहे. तेथें विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेला, उतरत्या छपरांचा व मनोऱ्यांचा एक बंगलावजा वाडा आहे. तो तुकोजीरावांनीं घेतला. गादी गेलेल्या राजाला राहावयाला सें-जर्में मिळावें, हा योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. दुसऱ्या जेम्सप्रमाणेंच त्यालाहि या गांवानें आपल्या झाडींत सामावून घेतलें. तुकोजीराव १९७८ सालीं पॅरिसमध्येंच वारले.

कोल्हापूरच्या वाचकाला या घराण्याशीं जोडणारा धागा कागलचा. तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव यांचा विवाह १९२४ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांतील संयोगिताराजे यांच्याशीं झाला. मराठा व धनगर यांच्यांत सोयरीक व्हावी, हा राजर्षि शाहूंचा आग्रह त्यामागें होता. पुढें तुकोजीरावांच्या कन्या सीताराजे याहि घाटगे घराण्यांतच दिल्या गेल्या. दूधगंगेच्या कांठची ही कागलची लेक संयोगिताराजे पुढें पॅरिसच्या कलावर्तुळांत वावरली. बर्नार बुते द मोंव्हेल या चित्रकारानें तिचें व यशवंतरावांचें चित्र रंगविलें, आणि मान रे या छायाचित्रकारानें दोघांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत तीं दोघें राजाराणीसारखीं ताठ बसलेलीं नाहींत. एकमेकांची थट्टा करणाऱ्या कोणत्याहि नवविवाहित जोडप्यासारखीं दिसतात. १९३७ सालीं ती अवघ्या पंचविशीच्या आंतबाहेर असतांना स्वित्झर्लंडांत वारली.

एनमोंच्या वाड्याचें पुढें काय झालें, हें अधिक महत्त्वाचें. दुसऱ्या महायुद्धांत सें-जर्में जर्मन सैन्याच्या हातीं पडलें व त्यांच्या पश्चिमेकडील फौजांच्या सेनापतीचें ठाणें तेथें होतें. युद्ध संपल्यावर पाश्चात्य राष्ट्रांच्या संयुक्त सेनेचें मुख्य ठाणें १९५१ सालीं जवळच आलें. निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकवावयाचें कोठें, हा प्रश्न उभा राहिला, आणि १९५२ सालीं त्यांच्यासाठीं शाळा निघाली. ती पुढें याच एनमोंच्या आवारांत स्थिर झाली. जीं राष्ट्रें सात-आठ वर्षांपूर्वीं एकमेकांवर गोळे टाकीत होतीं, त्यांचीं मुलें पुढें एकाच बांकावर बसूं लागलीं. १९६७ सालीं सेनेचें ठाणें बेल्जममध्यें हललें, पण शाळा राहिली. आज तेथें डझनाहून अधिक देशांच्या भाषा व इतिहास शिकविले जातात. प्रत्येक मूल फ्रेंच शिकतें आणि त्याचबरोबर आपल्या घरची भाषाहि सोडीत नाहीं. राजाच्या विश्रामाचा वाडा मुलांच्या अभ्यासाला लागला. शिकारीचें रान लोकांच्या फिरण्याला लागलें, त्याच परंपरेंतलें हें एक पाऊल होय.

येथपर्यंत चित्र सुरेख आहे. परंतु दुसरी शंका अजून तशीच उभी आहे. ही शांतता श्रीमंतांचीच का? तिला खोटें उत्तर देऊन भागणार नाहीं. सें-जर्में व ल व्हेझिने येथें घर घेणें साध्या पगारदाराच्या आवांक्याबाहेरचें आहे. ज्या अटींनीं झाडें वांचलीं, त्याच अटींनीं घरें थोडीं राहिलीं, आणि घरें थोडीं म्हणून किंमती चढल्या. पॅरिसचे कारखाने व मजूर दुसऱ्या दिशांच्या उपनगरांत दाटले; अरण्याच्या पलीकडील प्वासी गांवांत विसाव्या शतकांत मोटारींचा मोठा कारखाना चालला.

शिवाय अरण्याच्या उत्तर टोंकाला, जेथें पाहुणा सहसा जात नाहीं, तेथें आशेरचें मैदान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचें सांडपाणी नळांनीं येथें आणून शेतांत सोडूं लागले. विचार वरकरणी चांगला होता. मैल्याचें खत होईल, पीक येईल, नदी स्वच्छ राहील. पीक आलेंहि. परंतु शतकभर मुरलेल्या त्या पाण्यानें शिशासारख्या धातू जमिनींत सांठल्या, आणि विसाव्या शतकाच्या शेवटीं तेथें भाजीपाला पिकविणें बंद करावें लागलें. १९४० पासून तेथें सांडपाणी शुद्ध करण्याचा अवाढव्य कारखाना चालूं आहे व तो युरोपांतील सर्वांत मोठ्या कारखान्यांत मोडतो. सज्जावरून दिसणारें पॅरिस देखणें. पण त्याची घाण वाहात येते ती याच अरण्याच्या मागल्या दाराशीं. गांवाच्या पुढल्या दाराचें कौतुक करणारानें मागलें दारहि पाहावें.

हें पाहिल्यावर कबनूर-इचलकरंजीचा माणूस या उदाहरणापासून परका राहात नाहीं. उलट त्याला तें अधिक जवळचें वाटेल. कापडाला रंग देणें, तें धुणें, ताणणें या सर्व कामांना पाणी लागतें आणि तें पाणी कोठें तरी जावेंच लागतें. २०१२ सालीं इचलकरंजींत पिण्याचें पाणी दूषित होऊन काविळीची साथ पसरली व तींत कित्येक घरांतील माणसें दगावलीं. पंचगंगेचें दुःख या परिसरांत कोणास नव्यानें सांगावयास नको. तेव्हां ‘आमच्याकडे माग आहेत, आम्हांला झाडीची व शांततेची चैन कशी परवडेल?’ असें म्हणून हा विषय मिटवितां येत नाहीं. माग चालले पाहिजेत, त्यांवर हजारों चुली आहेत. परंतु मागाची खटखट आणि ओढ्यांतील विष या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीशीं माणूस जुळवून घेतो. दुसरीशीं जुळवून घेणें म्हणजे आजार पत्करणें होय.

सें-जर्मेंची नक्कल येथें होणार नाहीं, आणि व्हावी असेंहि नाहीं. साडेतीन हजार हेक्टर अरण्य कबनूरच्या वांट्याला आलेलें नाहीं. ल नोत्रहि येथें आला नाहीं. परंतु पाल्यूनें जें केलें तें फार पैशाचें काम नव्हतें. जमीन विकण्याआधीं तिच्यांतला कांहीं भाग त्यानें बाजूला काढला, ओढ्याची वाट मोकळी सोडली आणि ती गोष्ट कागदावर लिहून ठेविली. उपनगर वाढत असतांनाच हें करावें लागतें. वाढून झाल्यावर करूं म्हटल्यास पाडापाडी करावी लागते, आणि ती कोणीच करीत नाहीं. गांवाबाहेरचें उरलेलें गायरान, ओढ्याच्या कांठची दहा-वीस हातांची पट्टी, शाळेभोवतीचें पटांगण, रस्त्याकडेचें एखादें जुनें लिंबाचें झाड, अशा गोष्टींपुरता तरी हा नियम कोणत्याहि गांवाला करतां येईल.

उन्हाळ्याच्या संध्याकाळीं सें-जर्मेंच्या सज्जावर उजेड रात्रीं नवाच्या पुढेंहि रेंगाळत असतो. त्या वेळीं तेथें बसलेल्या माणसांपैकीं बहुतेकांना ल नोत्र कोण, पाल्यू कोण, किंवा इंदूरचा राजा येथें राहिला होता, हें ठाऊकहि नसतें. तीं झाडाखालीं बसतात, एवढेंच. ज्यांनीं तीं झाडें राखलीं त्यांचीं नांवें विसरलीं गेलीं तरी सावली मिळतेच. पाहुण्यानें तेथून परततांना चित्रांचीं पत्रें अवश्य विकत घ्यावीं. पण घरीं आल्यावर आपल्या गल्लींतून एकदां हिंडून, अजून राखण्याजोगें काय उरलें आहे तेंहि पाहून घ्यावें.